टॉवेल, टोपी आणि हार्डडिस्क

हिंदुराव नाना कुठलीही वस्तू विकत घेत नसत. ते तिची सोयरीक जमवत. म्हैस असो, शिलाई मशीन असो, नाहीतर पायातली चप्पल असो, तिचं मूळ गाव, घराणं आणि आधी जिथं नांदली तिथली वागणूक समजल्याशिवाय ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. सांगलीच्या दुकानदारानं एकदा "घालून तर बघा नाना" म्हणून चप्पल पुढं केली, तेव्हा नाना म्हणाले होते, "घालताना सगळ्याच गोड वागत्यात. असली चप्पल वर्षभर वापरल्याला मानूस सांग." दुकानदारानं वैतागून एका तलाठ्याचं नाव सांगितलं. नाना त्या तलाठ्याकडं गेले, त्याच्या टाचा बघितल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन चप्पल घेतली.

मी हे ऐकीव सांगत नाही. टाचा बघताना मी शेजारी उभा होतो. तलाठ्याची नजर मी अजून विसरलेलो नाही.

आष्ट्याला त्यांच्या भिंतीला लागून आमचं बिऱ्हाड होतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून. नाना बावीस वर्षं फौजेत काढून नायब सुभेदार होऊन परत आलेले, तीही बावीस वर्षं स्टोअरात. म्हणजे आयुष्यभर आलेला माल तपासून घेणं आणि गेलेल्या मालाची सही घेणं. घरचा तीन एकर ऊस होता, पण ऊस काही रोज तपासू देत नाही. मग नानांनी लग्नं जमवायला घेतली. रहिमतपूरपासून तासगावपर्यंतचा मुलूख त्यांचा. मानधन म्हणून लग्नात फक्त टॉवेल, टोपी आणि नारळ घ्यायचे. नारळ नानांच्या घरच्या काकू आमटीत घालत. टोप्या नाना आळीत वाटून टाकत. आमच्या आळीतला कुठलाही पुरुष कुणाच्या लग्नातली टोपी घालून हिंडतोय हे बघणाऱ्याला सांगता येई. टॉवेल मात्र घरात साठत गेले. दाराला पडदा टॉवेलचा, रेडिओवर टॉवेल, म्हशीच्या अंगावर गुलाबी काठाचा टॉवेल. तिच्या अंगावरचा आमच्या मेव्हण्याच्या लग्नातला होता, हे मी सासुरवाडीला कधी कळू दिलं नाही.

पाहणीची त्यांची पद्धत ठरलेली. मुलाच्या गावी जाताना नाना एक थांबा आधी एस.टी.तून उतरत आणि चालत गावात शिरत. आधी पिठाची गिरणी. "ज्या घरचं दळान बाई नेती आन् बाप्या डोक्यावर घिऊन येतो, त्या घरात पोर द्यायला हरकत न्हाई." मग घरासमोरून दोनदा फेरी. एकदा कोरेगावकडचं एक फार मोठं स्थळ त्यांनी दारातूनच परत फिरवलं. माडी होती, ट्रॅक्टर होता, मुलगा दिसायला राजबिंडा. मी विचारलं, "नाना, नडलं कुठं?"

"कुत्र्यात."

"चावलं?"

"न्हाई रं. मला बघून शेपूट हालवलं त्यानं. आन् घरचा मालक आला तवा भुकायला लागलं. ज्या घरचं कुत्रं मालकाला वळकत न्हाई, त्यो मालक घरात असतोय कवा?"

पुढं त्या मालकाबद्दल जे कळलं ते इथं सांगण्यासारखं नाही. कुत्रं बरोबर होतं एवढंच सांगतो.

नाना सगळ्यांना विचारत. गिरणीवाल्याला, न्हाव्याला, कंडक्टरला, कुत्र्याला. त्यांच्या त्या भल्यामोठ्या चौकशीत एक माणूस नेहमी राहून जाई, हे मात्र मला, आणि नानांनाही, फार उशिरा कळलं. ते कळायला एक हार्डडिस्क लागली.

त्याचं असं झालं. नानांची भाची नंदा लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढलेली. तिनं सांगलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मामांच्या मागं लागली, की वह्या फाटल्या, फोटो वाळवीनं खाल्ले, आता हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. चार महिने चौकशी करून नानांनी एका बंद पडलेल्या क्लासचा वापरलेला कॉम्प्युटर घरात आणला. मॉनिटरवर एक टॉवेल, डब्यावर एक, कीबोर्डवर एक, आणि माऊसला टोपी. नंदानं त्यावर एक झकास प्रोग्रॅम बसवला. नाव, शिक्षण, उंची, देवक, बागायत किती, जिरायत किती, अपेक्षा; आणि शेजारी फोटो. फोटो सांगलीच्या स्टुडिओतून फ्लॉपीवर यायचे. "पाच फूट सहाच्या वर, नोकरीवाला" असं घातलं की तेवढीच मुलं रांगेत उभी. नाना खुर्चीत ताठ बसून म्हणत, "नंदे, फॉलिन कर!" आणि पडद्यावर मुलं फॉलिन होत.

दीड-दोन वर्षांत चारशे माणसं आत गेली. मग एका सकाळी पडद्यावर इंग्रजीत पाटी आली आणि नानांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं.

मला का, हे सांगायला हवं. आमच्या ऑफिसात जिल्ह्याहून एक कॉम्प्युटर आला होता. सकाळी त्याचं प्लॅस्टिकचं आवरण काढणं आणि संध्याकाळी परत घालणं हे काम माझ्याकडं होतं. मधल्या वेळात त्याचं काय करतात याची मला कल्पना नव्हती. पण आळीत बातमी अशी पसरली, की कॉम्प्युटर माझ्या ताब्यात असतो. मीही कुणाची समजूत मोडली नाही.

"तुम्ही तिथं जाऊन काय करणार?" आमची ही म्हणाली. "आवरण घालणार?"

मी गेलो. पाटी वाचली. डिस्क भरली आहे, असं त्यात होतं. तेवढं इंग्रजी मला येतं.

"जागा संपली नाना. दोनच मार्ग. एक तर माणसं कमी करायची, नाहीतर मोठी हार्डडिस्क घ्यायची."

"मानसं कमी?" नाना खुर्चीतून उठले. "म्हंजे पुसायची?"

"लग्न झालेली पुसू या की."

"का? त्यांची पोरं हुतील, ती मोठी हुतील, तवा आय-बापाचं देवक कुनाला इचारू?"

"मग कुठंच न जमणारी पुसू." मी तज्ज्ञाच्या थाटात खुर्ची ओढली. एवढं एक बटन मला नंदानं कधीतरी दाखवलं होतं, उंचीप्रमाणे रांग लावायचं. लावली. सगळ्यात आधी आला नंबर दोनशे सतरा. रहिमतपूरचा एक प्राथमिक शिक्षक. उंची तीन फूट दोन इंच. फोटोत तर चांगला गडी दिसत होता, पण फोटो छातीपर्यंतचाच. "हे बघा. वर्षभरात ह्याच्यासाठी एकही विचारणा नाही. कशी येणार? हा..."

"हात लावायचा नाही!"

नंदा. दारात उभी होती. इतक्या मोठ्यानं ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. माऊसवरची टोपी खाली पडली.

"बराबर हाय तिचं," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "देवानं कमी दिली उंची, म्हनून आपन त्याला पुसायचा? न्हाई गड्या. हितनं एकबी मानूस जायाचं न्हाई. मोठी डिस्क बगायची. काम पक्कं करायचं."

तेव्हा नानांच्या डोक्यावर आणखी एक काम होतं, आणि ते डिस्कपेक्षा मोठं होतं: नंदाचं लग्न. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. इतरांची तीनशे लग्नं जमवणाऱ्या माणसाला स्वतःच्या भाचीचं चुकून चालणार नव्हतं. नाना झोपेतसुद्धा देवकं म्हणत, असं काकू सांगत. तर दोन्ही पाहण्या बरोबरच सुरू झाल्या.

आम्ही दोघं सांगलीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर दोन हार्डडिस्क ठेवल्या. एक बाराशे एम.बी.ची, दुसरी दोन हजार शंभरची. दिसायला दोघी सारख्या, पत्र्याच्या, हाताच्या पंजाएवढ्या. नानांनी चष्मा लावला, दोघींना उलटंपालटं करून बघितलं आणि खुर्ची ओढून घेतली.

"मूळ कुठल्या ह्या?"

"सिंगापूर."

"दोगीबी?"

"एक मलेशिया."

"शेजारीच की," नाना मला म्हणाले. "मोठीचा आवाज हाय का?"

"चालू केली की थोडी घुरघुरते."

"घुरघुरन्याचं काय न्हाई. किरकिर नगं. आन् जुनी हाय ती बी राहू द्यायची म्हटलं तर दोगी एका घरात ऱ्हात्यात का?"

"राहतात. फक्त एकीला थोरली ठरवावं लागतं."

"ते परत्येक घरात लागतंय," नाना म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तुमचं मत काय?"

मी मोठी उचलून कानाशी नेली आणि हलवून बघितली. का, ते विचारू नका. कलिंगड घेताना करतो तसं केलं. दुकानदार धावत आला. "साहेब, हलवू नका!"

"वजनदार आहे," मी म्हणालो.

नानांनी अर्थातच ती तिथंच घेतली नाही. असली मोठी डिस्क वर्षभर नांदवलेलं घर सांगा म्हणाले. दुकानदारानं डोकं खाजवून तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, आणि नानांनी माझ्या मांडीवर थाप मारली. तेच घर! एकाच फेरीत दोन पाहण्या.

तासगावला मी नव्हतो, पण रिपोर्ट ऐकला. त्या संध्याकाळी नाना सोप्यावर बसले, काकू, मी, आमची ही समोर, नंदा दाराशी. "दळान मुलाचा बाप आनतो. कुत्रं न्हाई, मांजर हाय, पन ते सगळ्यांच्या मांडीवर बसतंय. बेदान्याचं शेड सोच्छ. पोरगा कामसू, मान खाली घालून बोलतोय."

"आणि डिस्क?" मी विचारलं.

"तास दीड तास बसलो तिच्याम्होरं. घुरघुरती, पन एका सुरात. घरातली सगळी म्हनत्यात कवा तरास न्हाई." नानांनी मांडीवर दोन्ही हात ठेवले. "दोन्ही पास."

"मामा," नंदा दाराशी म्हणाली, "पण ते आधी आपल्या..."

"नंदे, चा टाक. पाव्हनं बसल्यात."

"साखर कमी," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो, हे मला पक्कं आठवतं.

पुढच्या आठवड्यात नंदा आणखी दोनदा बोलायला आली होती. एकदा नाना आणि मी नवी डिस्क कुठल्या टॉवेलात गुंडाळून आणायची याची चर्चा करत होतो. दुसऱ्यांदा, तासगावकरांबरोबर सुपारी फोडायची त्या रविवारी जेवायला किती पानं याची. दोन्ही वेळा आम्हाला चहा लागला.

नानांनी डिस्क सांगलीहून एस.टी.नं आणली. कोऱ्या टॉवेलात, मांडीवर. गाडीत गर्दी झाल्यावर एका बाईनं "ते गठुळं खाली ठेवा की आवं" म्हटलं, तर नाना उभे राहिले आणि आपली जागा डिस्कला दिली. बाईला ते आवडलं नाही. दारात काकूंनी भाकरतुकडा ओवाळला. गुरुवार होता, सुपारी रविवारी होती. कॉम्प्युटर उघडला नंदानं, मी एका हातात स्क्रू आणि दुसऱ्यात चहाचा कप धरून उभा होतो आणि माझी ही भिंतीपलीकडून "आवरण घातलं का?" म्हणून विचारत होती.

डिस्क आत बसली. बटन दाबलं. घुरघुर झाली, एका सुरात. नानांनी समाधानानं मान हलवली. पडद्यावर आकडा आला: पाचशे चार.

"ह्ये काय?" नाना म्हणाले.

मी चष्मा पुसला. "पाचशे चार."

"घेतली किती? दोन हजार शंभर! बाकीची कुठं गेली?" नाना डब्याभोवती एक चक्कर मारून आले. "म्हंजे रान घेतलं दोन हजार शंभर आन् लागवडीखाली पाचशे चार? बाकी काय पड? का सातबारा दुसऱ्याच्या नावावर हाय?"

"डिस्क फसवी निघाली," मी जाहीर केलं. तज्ज्ञानं काहीतरी बोलायला हवं होतं.

"कशी निगल? आख्खा दीड तास बसलोय मी! त्या घरात ती दोन हजार शंभर दावती, आपल्यात का दावत न्हाई? सगळ्यांना इचारलं. दुकानदाराला इचारलं, येपाऱ्याला, त्याच्या बायकूला, त्याच्या दिवानजीला..."

"ह्याला विचारलं?" नंदा म्हणाली.

ती हातात पेचकस घेऊन उघड्या डब्याकडं बोट दाखवत होती.

"आपला कॉम्प्युटर जुना आहे मामा. ह्याला पाचशेच्या पुढं मोजताच येत नाही. डिस्क चांगली आहे, तुमची चौकशी चांगली आहे. पण जिनं ज्याच्याबरोबर राहायचं, त्याला झेपतं का, हे कुणी विचारलंच नाही."

"मग तुला ठावं हुतं तर सांगाय नगं?"

"तीनदा आले सांगायला."

"मग?"

"तुम्ही चहा टाकायला सांगितलात."

मी हातातल्या कपाकडं बघितलं. साखर कमी होती.

नाना खुर्चीत बसले. डिस्क तेवढी घुरघुरत होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली; ती त्यांनी घरात काढलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"नंदे," ते हळू म्हणाले, "तासगावचं... त्ये बी तुला इचारलं न्हाई म्यां."

नंदा पदरानं पेचकस पुसत राहिली.

"तीनशे लग्नं लावली. गिरनीवाल्याला इचारलं, कुत्र्याला इचारलं..."

"मला तरी कुठं इचारलं हुतं?" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "तीस वर्सं झाली."

नाना दचकले. "आता इचारू का?"

"आता ऱ्हाऊ द्या. शिजत घातलंय मी."

नाना उठले. त्यांनी कपाटातून छापील फॉर्म काढला, पेन घेतलं, खांद्यावर टॉवेल नीट केला आणि नंदासमोर पाहुण्याच्या घरी बसावं तसे अवघडून बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चारशे माणसांच्या त्या खोक्यात नंदाचा फॉर्म नव्हताच. नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. मग पेन थांबलं.

"अपेक्षा?"

नंदानं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. पेचकसाकडं बघितलं. मग म्हणाली, "दोनशे सतरा."

नानांनी ते आधी लिहून घेतलं, मग वाचलं. "दोनशे सतरा काय? एकर?"

"नंबर दोनशे सतरा."

मला आठवलं. "तो तीन फुटाचा?"

"पाच फूट आठ इंच," नंदा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "तीन फूट दोन मी घातलंय."

नानांच्या हातातलं पेन पडलं. "का?"

"रांगेत यायला नको म्हणून. कुणाच्याच."

तर असं होतं. तो मास्तर वर्षभरापूर्वी स्वतः फॉर्म द्यायला आला होता. नाना घरी नव्हते. आलेला प्रत्येक जण "नाना कवा येतील?" एवढंच नंदाला विचारून जाई, यानं विचारलं, की हा प्रोग्रॅम तुम्ही केलात का, कसा केलात, आणि तासभर ऐकत बसला. तो गेल्यावर नंदा त्याचा फॉर्म भरायला बसली. अपेक्षेच्या रकान्यात बाकी सगळ्या पोरांनी गोरी, सुगरण, मनमिळाऊ असं लिहिलेलं. यानं लिहिलं होतं, "तिची काय आहे ते आधी विचारावं." त्या संध्याकाळी नंदानं त्याची उंची अडीच फुटांनी कमी केली. तेव्हापासून तो बिचारा रहिमतपुरात वाट बघत होता, आणि आपल्यात काय कमी आहे याचा विचार करत होता.

"रेकॉर्डमंदी फेरफार!" नाना गरजले. "फौजेत असतीस तर कोर्ट मार्शल झालं असतं तुझं!"

"व्हय मामा."

"सगळी चारशे रेकॉर्डं तपासून द्यायची. सहीसकट."

"व्हय मामा."

"आन् तुमी," नाना माझ्याकडं वळले, "एवडं तज्ज्ञ आसून तुमाला फोटुवरनं कळलं न्हाई?"

मी म्हणालो, फोटो छातीपर्यंतचा होता.

शुक्रवारी सकाळी नाना तासगावला गेले. ते जाणं सोपं नव्हतं. दिलेला शब्द परत घ्यायला ते आयुष्यात पहिल्यांदाच निघाले होते. कुणाची तब्येत बिघडल्याचं सांगा, असं मी सुचवलं. नाना म्हणाले, "त्ये बी खोटं रेकॉर्ड झालं." दुपारी परतले ते बेदाण्याची पिशवी घेऊन, गोंधळलेल्या चेहऱ्यानं.

"रागावले का?"

"बाप लय रागावला. मी सरळ सांगितलं, चूक माझी हाय, पोरीलाच इचारलं न्हाई म्यां. मग आय आतनं म्हनाली, आपुन तरी पोराला कुठं इचारलंय. बापानं पोराला हाक मारली, तर पोरगा आदीच लुनाला किक मारून उभा. स्टँडवर सोडाय आला मला. सगळ्या वाटंनं एकच बोलला."

"काय?"

"थँक्यू नाना. चारदा."

रविवारी नाना रहिमतपूरला गेले. पाहणीबिगर पाऊल टाकायचं नाही, हा नियम भाचीसाठीही मोडला नाही. गिरणी झाली, न्हावी झाला. मग शिक्षकाच्या दारात जाऊन नानांनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली, आणि म्हणाले, "मास्तर, भिताडाला टेकून हुबं ऱ्हा."

पाच फूट साडेसात. अर्धा इंच नंदानं माया म्हणून वाढवला होता.

डिस्कचं पुढं काय झालं, ते विचाराल. सांगलीच्या दुकानदारानं एक फ्लॉपी दिली. ती आधी घालायची. मग ती डिस्कचं म्हणणं कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत सांगते, आणि कॉम्प्युटरला सगळी डिस्क दिसायला लागते. पडद्यावर दोन हजारांच्या वरचा आकडा आला तेव्हा नाना बराच वेळ फ्लॉपी हातात धरून बसले.

"म्हंजे ह्यी बी मधला मानूसच की."

त्यांनी ट्रंकेतून कोरा टॉवेल काढला, कोरी टोपी काढली, नारळ आणला, आणि मध्यस्थाला मानानं देतात तसा त्या फ्लॉपीचा मान केला. कुंकू लावताना नंदानं हात धरला म्हणून, नाहीतर सगळी मेहनत वाया गेली असती.

नंदाचं लग्न झालं. त्या लग्नाचा टॉवेल नाना घ्यायला तयार नव्हते. "जमवलं मी कुठं? ह्ये तिनं जमवलंय," म्हणाले, आणि मांडवात सगळ्यांसमोर टॉवेल नवरीच्या खांद्यावर आणि टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. फोटो आमच्याकडं आहे. पुढं फॉर्म नव्यानं छापले गेले, त्यात शेवटी एक रकाना वाढला होता: मुलीला समक्ष विचारले काय? मुलाला समक्ष विचारले काय? आणि खाली सहीची जागा. स्टोअरातला माणूस सही घेतल्याशिवाय माल सोडत नाही.

माझी साताऱ्याला बदली झाली आणि आम्ही आष्टा सोडलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात नाना आमच्याकडं आले होते. पुढं जाणं झालं नाही, आणि मग जायला कुणी उरलं नाही. म्हणून तेच शेवटचं बघणं.

आमची थोरली बारावी झाली होती. तिनं डी.एड. करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. सातारा की सांगली एवढाच प्रश्न होता, आणि तो नानांकडं चौकशीला दिलेला. नानांनी दोन्हीकडच्या वसतिगृहांची आमटी चाखली होती, दोन्हीकडच्या रखवालदारांशी तंबाखू मळली होती. रिपोर्ट ऐकायला मी आणि ही सरसावून बसलो. पोरगी दाराशी उभी.

नानांनी पिशवीतून कागद काढला, आमच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तुमी दोगं जावा," ते म्हणाले. "चा टाका."

"ती टाकेल की," मी म्हणालो.

"तुमी टाका. हिनं बसायचं हाय."

आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात गेलो. स्टोव्ह पेटवला. त्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येईना. साखर किती घालू, हे विचारायच्या निमित्तानं मी दोनदा दाराशी गेलो. दोन्ही वेळा नानांनी मागं न बघता नुसता हात वर करून मला थांबवलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, कागद कोरा, पेन खिशात, आणि ऐकायला कमी येत होतं म्हणून एक हात कानामागं धरून ते पुढं वाकलेले. पोरगी बोलत होती. हात हलवून, भराभरा, घरात कधी न बोललेलं काहीतरी बोलत होती.

"उतू चाललंय," ही म्हणाली. मी परत गेलो.